‘सैराटसारखा अल्बम पाहिजे’ म्हणजे नेमकं काय पाहिजे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात पहिला मराठी सिनेमा करताय, संगीत तुमचं आहे, आणि निर्माते दर बैठकीत म्हणतात, ‘आपल्याला सैराटसारखा अल्बम पाहिजे.’ तर त्या अल्बमचं बळ कशात आहे, तो कुठे कमी पडतो आणि त्यातलं तुम्ही काय घ्यावं?

मी सत्तावीस वर्षं पुण्यात संगीत संयोजन आणि मिक्सिंग करतोय. २९ एप्रिल २०१६ ला तो सिनेमा लागला आणि दोन महिन्यांत माझ्याकडे येणारा जो तो हेच वाक्य घेऊन यायला लागला. त्याआधीची फर्माईश होती ‘नटरंगसारखं’. म्हणजे दुकान संगीतकार अजय-अतुलचंच, फक्त माल नवा आला.

निर्माते ‘सैराटसारखं’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांच्या डोक्यात एकटं ‘झिंगाट’ असतं. अख्खा अल्बम ओळीने, मध्ये फोन न घेता ऐकलेला निर्माता मला अजून भेटायचाय. खरं तर चारच गाणी आहेत: ‘याड लागलं’, ‘आताच बया का बावरलं’, ‘सैराट झालं जी’ आणि ‘झिंगाट’. सगळी मिळून वीस-एकवीस मिनिटं. डेक्कनहून संध्याकाळी सातला कर्वे रस्त्याने निघालात तर कोथरूड यायच्या आत अल्बम संपतो. तुमच्या निर्मात्यांना गाडीत बसवा आणि ऐकवा. फुकट काम आहे.

ऐकून झाल्यावर त्यांना एक प्रश्न विचारा. ही चार गाणी सिनेमात कुठे कुठे येतात? उत्तर असं आहे की चारही पूर्वार्धात येतात. नायिका आर्ची आणि नायक परशा पळून हैदराबादला जातात, पत्र्याची खोली, डोशाची गाडी, कारखान्यातली नोकरी, संशय, हात उगारणं, मग सावरणं, मूल, आणि तो शेवट. यातलं अल्बममध्ये काहीही नाही. तो अर्ध्या सिनेमाचा अल्बम आहे. माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं बळही तेच आणि सगळ्यात मोठी उणीवही तीच.

बळ कसं, ते आधी सांगतो. शेवटच्या दृश्यात आवाज काढून टाकलाय. लहान मूल रक्तात पाय भिजवून बाहेर चालत जातं आणि स्पीकरमधून काहीही येत नाही. (शेवट सांगितल्याबद्दल माफी मागत नाही, इतक्या वर्षांत तुम्ही पाहिला नसेल तर चूक तुमची.) मी पाहिला तेव्हा थिएटरात मागच्या रांगेतली वेफर्सची पिशवी चुरगळायची थांबली होती आणि फक्त वातानुकूलनाची घरघर ऐकू येत होती. ती शांतता एवढी का लागते? कारण पूर्वार्धात तुमच्या कानांना भरपूर लाड करून ठेवलेत. शेकडो मराठी सिनेमांत नसेल एवढा मोठा वाद्यवृंद प्रेमाच्या बाजूने उभा केलाय. एवढा सरंजाम पाठीशी असताना यांचं वाईट होणार नाही, असं कानाला वाटून जातं. मग तो सरंजाम हळूहळू निघून जातो. गाण्यांचा गोडवा हा असा फसवायला घातलेला गोडवा आहे, आणि दिग्दर्शक नागराज मंजुळे आणि संगीतकार या दोघांनाही ते पक्कं माहीत असणार. नुसता गोडवा उचलून आणलात आणि सिनेमात पुढे काही काढून घ्यायचंच नसेल, तर हातात उरेल ती लग्नाच्या व्हिडिओला लावायची गाणी.

आपल्या गावात हा विचार जुना आहे, जाता जाता सांगतो. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘कुंकू’मध्ये, १९३७ साली, दिग्दर्शक शांतारामबापू आणि संगीतकार केशवराव भोळ्यांनी पार्श्वसंगीतासाठी वाद्यवृंद वापरलाच नाही, प्रसंगातल्या आवाजांवर भागवलं. ज्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे बनलेला सिनेमा. तेव्हा आवाज कुठे नसावा हा प्रश्न पुण्याला नवीन नाही.

आता गाण्यांकडे. या अल्बममध्ये सगळ्यात कमी चर्चा होते ती बोलांच्या आवाजाची, आणि मला वाटतं खरी कमाई तिथेच आहे. अर्थ बाजूला ठेवा, नुसता उच्चार ऐका. ‘वेड लागलं’ असं गाऊन बघा. मग ‘याड लागलं’ गा. ‘वे’ला जबडा अर्धाच उघडतो, ओठ दातांशी येतात. ‘या’ला घसा पूर्ण मोकळा होतो. लांब सूर टाकायला गायकाला ‘आ’ सारखी दुसरी जागा नाही. करमाळ्याकडच्या बोलीने तो ‘आ’ आयता आणून दिला आणि अजय-अतुलमधल्या अजय गोगावलेंनी त्यावर गळा सोडून दिला. प्रमाण मराठीत हे गाणं लिहिलं असतं तर चाल हीच ठेवूनही ते पाव पट उरलं नसतं.

तसंच ‘झिंगाट’ आणि ‘सैराट’. मोकाट, सुसाट, भन्नाट, सैराट: मराठीत ‘आट’ लागलं की शब्दाचा लगाम सुटतो. ‘झिंग’ला तो जोडला की शब्दच ठेका होतो, शेवटचा ‘ट’ म्हणजे हलगीवरची काडी. आणि ‘सैराट झालं जी’ मधला ‘जी’ पोवाड्यात मागचे झीलकरी ओढतात त्या ‘जी जी’चा धाकटा भाऊ आहे. प्रेमाच्या द्वंद्वगीतात तो आणून ठेवणं ही मला या अल्बममधली सर्वांत हुशार गोष्ट वाटते. कान म्हणतो हे नवीन आहे, आणि आतून कुणीतरी म्हणतं हे आपलंच आहे. श्रेया घोषाल यांचं ‘आताच बया’ही कान देऊन ऐका. ‘आताच’ मधला ‘च’ हा ‘चमचा’तला ‘च’ आहे, ‘चहा’तला नाही. मराठी घरात न वाढलेल्या गायिकेकडून हा ‘च’ बरोबर येणं म्हणजे कुणीतरी बूथमध्ये बसून त्यावर वेळ घालवलेला असतो. मी अशा कामात एका ‘च’साठी अर्धा तास घालवलाय आणि चहा गार करून प्यायलोय.

बोलांचा वाटा किती, हे तपासायची सोयही झालेली आहे. २०१८ मध्ये सैराटचा हिंदी अवतार ‘धडक’ आला. कथा राजस्थानात गेली, संगीतकार तेच, दोन चाली तिकडे गेल्या. ‘याड लागलं’चं ‘पहली बार’ झालं. चाल तीच असून ऐकताना पोटात काही हलत नाही, कारण ‘याड’चा उघडा घसा गेला. ‘झिंगाट’ मात्र झिंगाटच राहिलं. हिंदीत त्याला जोड सापडली नाही आणि शोधायची गरजही पडली नाही, त्या शब्दात अर्थापेक्षा हलगीची काडीच जास्त आहे. तुमच्या निर्मात्यांना हे दोन्ही लागोपाठ ऐकवलंत तर माझं अर्धं काम होईल. चालीचा खर्च करायच्या आधी गीतकाराला कथेच्या गावात आठ दिवस ठेवा. अल्बममधल्या इतर कुठल्याही गोष्टीपेक्षा हे स्वस्त पडतं.

वाद्यवृंदाबद्दल मात्र सविस्तर बोलावं लागेल, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत. सैराटचा पाश्चात्त्य वाद्यवृंद लॉस एंजेलिसजवळ सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित झाला. हॉलिवूडच्या सिनेमांचं संगीत जिथे होतं ती जागा. ‘परदेशात केलं म्हणून भारी’ असं आपल्याकडे म्हणतात. जागेत भारी काय, ते कुणी सांगत नाही.

आपण पुण्यात व्हायोलिन कशी घेतो ते तुम्हाला ठाऊक आहे. चार वादक बोलावतो, त्यांच्याकडून तीच ओळ सहा वेळा वाजवून घेतो आणि एकावर एक रचतो. हिशेबाला चोवीस व्हायोलिन होतात. पण ते चोवीस जण एका खोलीत कधी बसलेलेच नसतात. प्रत्येक थरात त्याच चार हातांची तीच सवय, तेच कंप, तीच छोटीशी बेसुरी जागा असते आणि ती सहा पट होते. शिवाय खोली लहान, म्हणून माइक जवळ, म्हणून गजाची खरखर जास्त आणि हवा कमी. मग आपण वरून कृत्रिम घुमारा टाकतो. स्कोअरिंग स्टेजवर सगळे एकत्र बसतात, मुख्य माइक वाद्यवृंद संचालकाच्या डोक्यावर उंच टांगलेले असतात, आणि व्हायोलिनचा आवाज चेलोच्या माइकमध्ये गळतो, हॉर्नचा आवाज मागच्या भिंतीवरून उशिरा येतो. आपण स्टुडिओत ज्या गळतीला शिव्या देतो तीच तिथे गोंदाचं काम करते. ‘याड लागलं’च्या सुरुवातीला तंतुवाद्यं उठतात तेव्हा आवाज स्पीकरच्या मागे जातो, खोली मोठी झाल्यासारखी वाटते. ते संगणकातल्या, वाद्यांच्या आधीच मुद्रित केलेल्या नमुन्यांतून जवळपास आणता येतं, पण फक्त जवळपास.

आणि त्याची किंमतही आहे, पैशांखेरीज. तिथले वादक समोर ठेवलेला कागद पहिल्या नजरेत वाचून वाजवतात. म्हणून प्रत्येक सूर, प्रत्येक श्वास आधी लिहून न्यावा लागतो. वेळ तासावर मोजला जातो, तेव्हा ‘जरा असं करून बघू या का’ याला जागा नाही. आणि सगळं क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या एकसारख्या टिकटिकीवर. एकदा क्लिकवर लय बांधली की ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ताठ राहते. सैराटच्या अल्बममध्ये मला हीच गोष्ट खटकते. गायक वर मुरकी घेतोय, शब्द मागेपुढे ओढतोय, गावाकडचा गळा लावतोय, आणि खाली वाद्यवृंद इस्त्री केलेला शर्ट घालून बसलाय. दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. गोगावलेंचा गळा एवढा दमदार आहे की हे निभावून जातं. तुमच्या गायकाकडून निभावेलच असं नाही.

आपल्या मातीतली लय चढते. पोवाडा चढतो, भजन चढतं, मिरवणुकीतली हलगी तर चढतेच. एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका सिनेमासाठी आम्ही हलगी घेतली होती. वादक सोलापूर जिल्ह्यातून आलेले, साठीचे गृहस्थ. पिशवीतून हलगी काढली, वाजवली, आवाज भद्द. स्टुडिओत एसी लावलेला, चामडं सैल पडलं होतं. ते म्हणाले, ‘पेपर हायेत का रद्दीतले?’ मग इमारतीच्या मागे पार्किंगमध्ये रद्दी पेटवली आणि त्यावर हलगी फिरवून फिरवून तापवली. वॉचमन धावत आला, सोसायटीचे एक सद्गृहस्थ बाल्कनीतून नियम सांगायला लागले, ते सोडा. गृहस्थ वर येऊन बसले, एक काडी मारली आणि मला आवाजाची पातळी खाली ओढावी लागली. सहा-सात मिनिटं मिळायची, मग पुन्हा खाली. तिसऱ्या वेळेस मी क्लिक बंद केला, कारण ते त्याला जुमानतच नव्हते. त्या टेकमध्ये लय पहिल्या मात्रेपासून शेवटापर्यंत बरीच वाढली आणि तोच टेक ठेवला. नंतर बाकी सगळी वाद्यं त्या हलगीच्या मागे धावत बसवताना माझ्या नाकी नऊ आले. पण ते गाणं अजून ऐकवतं.

सैराटमध्ये मला हा धुराचा वास हवा होता. ‘नटरंग’मध्ये ढोलकी पुढे येऊन बोलते. इथे कथा उजनीच्या पाण्याजवळची, करमाळ्याकडची, आणि अल्बम बराच वेळ तिथल्या आवाजांपासून लांब उभा आहे. मंजुळेंची माणसं पडद्यावर जी बोली बोलतात, तिचा खडबडीतपणा गाण्याच्या बोलांत आहे, गळ्यात आहे, वाद्यांत मात्र फारच कमी. याला प्रतिवाद आहे, मला माहीत आहे: परशाच्या मनातलं प्रेम त्याच्या गावाहून मोठं आहे, म्हणून वाद्यवृंदही गावाबाहेरचा. वाद पटण्यासारखा आहे. तरी एका गाण्यात तो पटतो, पहिल्या तिन्ही गाण्यांत तेच भरजरी कापड वापरलं की तिसऱ्या गाण्यापर्यंत कान सरावतो. ‘याड लागलं’ला जी उंची पहिल्यांदा जाणवते ती ‘सैराट झालं जी’पर्यंत नेहमीची होऊन बसते. मधलं एखादं गाणं तुणतुणं, एक आवाज आणि काहीच नाही, असं असतं तर दोन्ही बाजूंची गाणी आणखी मोठी वाटली असती.

आवाजांच्या बाबतीतही तसंच. चारपैकी तीन गाण्यांत अजय गोगावले आहेत. परशाचा आवाज म्हणून पहिलं ठीक, दुसरं ठीक, पण ‘झिंगाट’ गाणारा हा कोण? तोही परशाच की नाचणाऱ्यांतलं कुणीही? सिनेमात हा प्रश्न पडत नाही, दृश्य सांभाळून घेतं. नुसतं ऐकताना पडतो.

मिक्सबद्दल थोडं, कारण तुम्ही विचारलंय की ‘तसा आवाज’ येईल का. थिएटरात तुम्हाला पाच दिशा आणि वेगळा सबवूफर मिळतो, अल्बम दोन स्पीकरवर येतो आणि तोही बहुतेक लोक फोनवर ऐकतात. फोनच्या स्पीकरला दीड-दोनशे हर्ट्झच्या खालचं फारसं काही जमत नाही. चेलोची सर्वांत खालची तार ६५ हर्ट्झच्या आसपास, डबल बासची ४१. म्हणजे एवढ्या थाटाने मुद्रित केलेल्या वाद्यवृंदाचा तळ रिक्षातल्या प्रवाशाच्या फोनवर पोचतच नाही, त्याला वरची व्हायोलिन, गळा आणि बोल मिळतात. माझी परीक्षा साधी आहे: गाणं स्टुडिओत, मग गाडीत, मग फोनवर, आणि फोन खिशात घालून. चौथ्या परीक्षेत ‘याड लागलं’ पास होतं, कारण तिथेही तो ‘या’ ऐकू येतो. शेवटचं मास्टर, म्हणजे बाहेर जाणारी पक्की प्रत, फार दाबून मोठं करायच्या भानगडीत पडू नका. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर सगळ्यांना उणे १४ लुफ्सच्या (आवाज कानाला किती मोठा लागतो त्याचं माप) आसपास आणून ठेवतं. तुम्ही दाबलेलं गाणं तिथे मोठं होत नाही, फक्त चपटं होतं.

उरली ती दुसरी बाजू, अर्ध्या सिनेमाची उणीव. अल्बममध्ये पार्श्वसंगीताचा एकही तुकडा नाही. धंद्याच्या दृष्टीने समजू शकतं, गाणी विकली जातात, तुकडे विकले जात नाहीत. पण त्यामुळे अल्बम ऐकणाऱ्या माणसाला हा गोड शेवटाचा सिनेमा वाटतो. क्रम बघा, ‘झिंगाट’ शेवटी. नाचून झाल्यावर अल्बम बंद. सिनेमात त्या नाचानंतरच सगळं बिघडायला लागतं. मला तिथे उत्तरार्धाचा दोन मिनिटांचा एक तुकडा पाहिजे होता, पाचवा. ऐकणाऱ्याने वैतागून पुढे ढकलला असता तरी चाललं असतं.

तुमच्यासाठी इथे एक व्यवहाराची गोष्ट आहे. करार करताना पार्श्वसंगीताचे सुटे थर, म्हणजे स्टेम, तुमच्याकडे राहतील आणि ते अल्बममध्ये घालायची मुभा असेल हे आत्ताच लिहून घ्या. सिनेमा लागल्यानंतर ते मागायला गेलात तर हार्ड डिस्क सापडत नाही. माझ्या दोन सिनेमांच्या बाबतीत ती अजून सापडायची आहे.

गाणी किती, चार की सहा, हे मी पटकथा वाचल्याशिवाय सांगणार नाही. पाठवून द्या. तुमच्या कथेत काय काढून घेतलं जाणार आहे ते आधी बघू, मग कुठे किती भरायचं ते ठरवू. वाद्यवृंदाचं बजेट निर्मात्यांनी मंजूर केलं तर उत्तम, नाही केलं तर ते पैसे गीतकाराच्या एसटीत आणि हलगीवाल्यांच्या बिदागीत घाला. हलगीवाले ज्या दिवशी येणार असतील त्याच्या आदल्या दिवशी मला कळवा. रद्दी जमवून ठेवावी लागते, आणि वॉचमनलाही सांगून ठेवतो.